टाका कुठे घालायचा

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणायचे. हुद्द्याने ती वरिष्ठ रसायनतज्ज्ञ होती, नावाआधी डॉक्टर लागत होतं आणि तशी पितळी पाटी तिच्या दारावर बसवलेली होती. तरी दारावरचा पहारेकरी वहिनी म्हणायचा, काचेची भांडी धुणाऱ्या बाई वहिनी म्हणायच्या, आणि तिच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले संचालकसाहेबसुद्धा वहिनीच म्हणायचे. या सगळ्याचं मूळ तिची नणंद.

नणंदेला घरात छकुली म्हणत. ती परदेशी शिकून आली आणि त्याच कंपनीत संगणकावर औषधांच्या रेणूंची रचना करणाऱ्या विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने लांबलचक व्हरांड्याच्या त्या टोकाहून हाक मारली, "वहिनीऽऽ! डबा आणलायस ना माझा?" सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. संध्याकाळपर्यंत डॉक्टर गेल्या आणि वहिनी उरली.

"तिने एका हाकेत माझं मातेरं केलं," असं ती नवऱ्याला अजूनही ऐकवायची.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो काच पुसत म्हणायचा, "मग तूही तिला ऑफिसात छकुली म्हण. फिट्टंफाट."

ते काही जमणारं नव्हतं. घरी छकुली धाकटी असली तरी कामावर ती वहिनीच्या वरची होती. ती सांगायची, आणि वहिनीने ते बनवायचं.

काम होतं भाजलेल्या जखमांवरच्या औषधाचं. अशा जखमांत शिरणारे काही जंतू जुन्या औषधांना भीक घालत नाहीत. त्यांना मारू शकेल असं एक छोटं पेप्टाइड कंपनीने निवडलं होतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड माळ. ही माळ स्प्रिंगसारखी वेटोळी झाली की तिचं एक अंग तेलकट होतं, दुसरं पाण्याशी जमवून घेणारं, आणि मग ती जंतूच्या पातळ आवरणात घुसून त्याला भोकं पाडते. अडचण अशी, की नुसत्या पाण्यात माळ वेटोळं धरून बसतच नाही. ओल्या दोरीसारखी लोळते. त्यात जखमेतल्या पुवात प्रथिनं कातरणारी विकरं असतात. अशी लोळणारी माळ त्यांच्या तावडीत सापडली की तिचे तुकडे होतात.

म्हणून वेटोळ्याला टाका घालायचा. एका फेऱ्यावर वर-खाली येणारी दोन आम्लं काढायची, त्यांच्या जागी लांब हात असलेली दोन खास आम्लं बसवायची आणि ते हात एकमेकांत अडकवून टाकायचे. वेटोळं मग सहसा उलगडत नाही आणि विकरांना त्यात दात रोवता येत नाहीत.

हा टाका कुठे घालायचा हे छकुली पडद्यावर ठरवायची. आणि तिने ठरवलेला प्रत्येक टाका आजवर फसला होता.

"या वेळी दोन टाके," छकुली बैठकीत म्हणाली. पडद्यावर हिरव्या फितीचं वेटोळं संथ गिरक्या घेत होतं. "दोन्ही तेलकट अंगावर. वेटोळेपणा शंभरात पंच्याण्णव."

"पंच्याण्णव!" साहेबांचा चेहरा उजळला. वेटोळेपणा नव्वदच्या वर नेऊ असं त्यांनी वरिष्ठांना कबूल करून ठेवलं होतं. नव्वदच का, हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा ऐकायला बरं वाटतं म्हणून.

"तेलकट अंगावर टाका घातला तर ते अंग आणखी तेलकट होणार," वहिनी म्हणाली. "मग ते जंतूंबरोबर रोग्याच्या रक्तपेशीही फोडणार. प्रत्येक वेळी हेच झालंय."

"प्रत्येक वेळी एकच टाका होता."

"म्हणजे आता दुप्पट फोडेल."

"करून बघितल्याशिवाय कसं सांगतेस, वहिनी?"

"आणि ही मधली चार आम्लं बघ. चारही धष्टपुष्ट, आणि एकाला खेटून एक. ती जोडताना माझ्या नाकीनऊ येतात. तुझं काय, बोट लावलं की बसतात पडद्यावर. ऐक ना, छकुले..."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. साहेबांनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. छकुलीचे कान लाल झाले आणि पडद्यावरचं वेटोळं आपलं फिरतच राहिलं.

"वहिनी," साहेब घसा साफ करून म्हणाले, "डिझाइनचं डिझाइनवाल्यांवर सोडा. तुम्ही फक्त बनवा."

तुम्ही फक्त बनवा! वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.  तिने वही मिटली, पेन खिशात खोचलं आणि खाली प्रयोगशाळेत जाऊन हातमोजे चढवले.

माळ बनवायची ती राळेच्या वाळूएवढ्या दाण्यांवर. दाण्याला पहिलं आम्ल चिकटवायचं, धुवायचं, त्याचं टोक मोकळं करायचं, त्याला पुढचं जोडायचं, पुन्हा धुवायचं. एरवी हे काम यंत्र करतं. पण ते चार धष्टपुष्ट आले आणि यंत्र अडलं. दाण्यांचा गोळा झाला. वहिनीने नळी सोडवली, गोळा मोडला, आणि ती चार जोडकामं हाताने केली. एकेक आम्ल दोनदा, तिसरं तर तीनदा. द्रावकाचा माशासारखा वास तिच्या केसांत बसला. मग जांभळ्या उत्प्रेरकाने खास आम्लांचे हात एकमेकांत अडकवले, दाण्यांपासून माळ तोडली, गार ईथरमध्ये सोडली, तेव्हा कुठे तळाशी पांढरी भुकटी दिसली.

पुढे शुद्धीकरण. टाक्याचा दोरा दोन तऱ्हांनी वळू शकतो, त्यामुळे एका टाक्यामागे एकाच रेणूची जुळी भावंडं निघतात. दोन टाक्यांना चार. ती चारही एकमेकांच्या गळ्यात गळे घालून शुद्धीकरणाच्या नळीतून उतरायची. त्यांना वेगळं करता करता वहिनीला घरच्या माणसांचे चेहरेसुद्धा जोडीजोडीने दिसायला लागले.

शेवटी चिमूटभर शुद्ध भुकटी घेऊन ती शेजारच्या खोलीत गेली. तिथे जंतूंच्या चाचण्या करणारा एक माणूस बसायचा. त्याला सगळे जंतूवाला म्हणत. बोलायचं म्हणजे त्याला दात उपटून दिल्यासारखं वाटायचं. त्याने भुकटी घेतली, मान हलवली आणि दार लावून घेतलं.

निकाल लागला त्या दिवशी त्याने वहिनीसमोर एक छोटी नळी धरली. रक्तपेशी शाबूत असल्या की तळाशी लाल ठिपका बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. या नळीत ठिपका नव्हताच. तळापासून काठापर्यंत सगळं पाणी लालभडक होतं.

"मेले," जंतूवाला म्हणाला.

"कोण? जंतू?"

"जंतू. पेशी. सगळेच."

वहिनीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात छकुली हातात आलेख फडकवत आत आली. वेटोळेपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा आला होता. "चौऱ्याण्णव! मी पंच्याण्णव म्हटलं होतं, चौऱ्याण्णव आलं! वहिनी, बघ तरी, किती बरोबर निघालं!"

"बरोबर?" वहिनी म्हणाली. "ही नळी बघ आधी. हे औषध जखमेला लावलं तर जखम राहील बाजूला, माणूसच जायचा. आणि तू बरोबर म्हणतेस? तू उंटावरून शेळ्या हाकतेस, आणि मी खाली धूळ खातेय!"

जंतूवाल्याने नळी हळूच स्टँडमध्ये ठेवली आणि तो खोलीबाहेर निघून गेला. खोली त्याची होती, तरीही.

रविवारी दुपारी छकुली नेहमीसारखी भावाकडे जेवायला आली. आता आलीच आहे तर जेवेल आणि जाईल, असं वहिनीने मनाशी घोकलं होतं. पण पहिला घास तोंडात जायच्या आत छकुली म्हणाली, "साहेब विचारत होते, तीन टाके घातले तर..."

वहिनीने डाव टेबलावर आपटला.

"तीन? का, शिवणाचं यंत्रच आण ना! गच्च शिवून टाकू!"

"मी फक्त म्हटलं की ते विचारत होते."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बघते."

"बघते! ही बघणार, आणि मरणार मी!"

नवरा दोघींच्या मधे बसला होता. त्याने पाण्याचा तांब्या उगीचच इकडचा तिकडे केला. "माझं ऐका. या घरात कुणी पुन्हा टाक्याचं नाव काढलं, तर मी ताट उचलून दुकानात जाईन. तिथे गिऱ्हाईक निदान नंबर चुकलाय एवढंच म्हणतं."

 छकुलीने हातातला घास खाली ठेवला. तिचा आवाज बदलला होता.

"वहिनी, एक विचारू? तू दर वेळी नाही म्हणतेस. हे नको, ते बसणार नाही, याने पेशी मरतील. ठीक आहे, तुझं खरं निघतं. पण मग टाका कुठे घालायचा, हे तू एकदा तरी सांगितलंस का?"

 हे वहिनीला झोंबलं, कारण ते खरं होतं. नकार देताना ती नेहमी बरोबर असायची आणि त्या बरोबर असण्यात तिचा दिवस निघून जायचा.

"सांगते," ती शेवटी म्हणाली. "मी सांगते कुठे घालायचा. पण बनवायचा तू. तुझ्या हाताने, पहिल्या दाण्यापासून."

"मी? विद्यापीठ सोडल्यापासून चंचूपात्र धरलेलं नाही मी."

"तेच म्हणतेय."

"बरं," छकुली म्हणाली. "बनवते. त्यात काय एवढं!"

नवऱ्याने दोघींच्या ताटात वाढलं आणि स्वतः मुकाट जेवला.

सोमवारी छकुली पांढरा कोट घालून खाली आली, तेव्हा भांडी धुणाऱ्या बाईंनी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघितलं. कोटाच्या बाह्या बोटांवर येत होत्या. संरक्षक चष्मा तिने आपल्या नंबरच्या चष्म्यावर चढवला, त्यावर वाफ धरली, आणि तिने पहिलंच आम्ल तोलताना अर्धं काट्याच्या बाहेर सांडलं.

वहिनी वर छकुलीच्या खुर्चीत बसली. आधी तिला बरं वाटलं. खुर्ची मऊ होती, खिडकीतून झाडं दिसत होती. तिने मनाशी पक्कं केलेलं होतं: टाका तेलकट अंगावर नकोच, पाण्याकडच्या अंगावर घालायचा. तसा तिने घातला, कळ दाबली, आणि पडद्यावरचं वेटोळं मधेच कुशीवर वळून उलगडलं. तिने टाका एक जागा सरकवला. पुन्हा उलगडलं. आणखी एक जागा, तर या वेळी नुसतं शेपूट सुटलं. दुपारपर्यंत तिने इतक्या जागा बदलून पाहिल्या की मऊ खुर्चीसुद्धा टोचायला लागली. शेवटी एक वेटोळं टिकलं. आकडा ऐंशीच्या जरासा वर होता. तिने तेच कागदावर उतरवलं आणि खाली नेऊन दिलं.

"धष्टपुष्ट चौघं नाहीत यात," ती म्हणाली.

"उपकार झाले," छकुली म्हणाली. तिच्या हातमोज्यांना राळ चिकटली होती.

खरा वैताग त्यानंतर सुरू झाला. छकुलीने दाणे आधी द्रावकात फुगवायचे असतात हे वाचलं होतं, पण किती वेळ ते वाचलं नव्हतं. पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला तिने टोक मोकळं न करताच पुढचं आम्ल घातलं आणि दिवसभर न जोडल्या जाणाऱ्या गोष्टीची वाट बघत बसली. वहिनी तिच्या मागे हाताची घडी घालून उभी असायची. हात लावायचा नाही हे ठरलं होतं आणि ते तिने पाळलं, पण ते पाळताना तिचे दात दुखायला लागले.

"अगं, धू आधी!"

"धुतलं ना."

"एकदा? एकदा धुवून तुझ्या चहाचा कपसुद्धा निघत नाही!"

"वहिनी, तू वर जा बघू. तू बघत असलीस की माझ्या हातून सांडतं."

वहिनी वर गेली, पाच मिनिटं बसली, आणि पुन्हा खाली आली.

तिसरी खेप लागली. टाका बसला, भुकटी पडली. छकुलीने ती उन्हाकडे धरून बघितली. आपण केलेली पहिली पोळी तव्यावर फुगली की पोरी जशा बघतात, तशी. मग दोघी शुद्धीकरणाच्या यंत्रासमोर बसल्या. पडद्यावर रेघ सपाट चालली होती. छकुली चुळबुळ करायला लागली.

"अजून आलं नाही. बिघडलं का गं?"

"नाही. टाका असलेलं उशिराच उतरतं. त्या नळीत तेलकट वस्तू रेंगाळतात, आणि टाक्याचा दोरा तेलकट असतो ना."

छकुलीने मान वळवली. "किती उशिरा?"

"म्हणजे?"

"टाका नसलेली माळ कधी उतरते, आणि टाका घातल्यावर किती उशीर होतो? तुझ्याकडे सगळ्यांची नोंद असेल ना?"

"आहे की. यंत्रातच आहे. का?"

 छकुली नुसती त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. मग रेघ एकदम उंच चढली, उतरली, आणि दोघी बाटल्या बदलायच्या घाईला लागल्या.

वहिनीचा रेणू जंतूवाल्याकडे गेला. यावेळी नळीच्या तळाशी टपोरा लाल ठिपका होता आणि वर पाणी इतकं नितळ की नळीपल्याडची अक्षरं वाचता यावीत. वहिनीला आपण हवेत चालतोय असं वाटलं. ती छकुलीकडे वळली, काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायला तिने तोंडही उघडलं.

"जंतूही मजेत आहेत," जंतूवाला म्हणाला.

"काय?"

"एकही मेला नाही. उलट वाढलेत."

वहिनी स्टुलावर बसली. काय झालं ते तिला बसल्या बसल्याच कळलं. जंतूंच्या आवरणाकडे माळेला खेचून नेणारी आम्लं पाण्याकडच्या अंगावरच असतात, आणि टाक्यासाठी जागा करताना तिने त्यातलीच दोन काढून टाकली होती. तिच्या वेटोळ्याने कुणाला म्हणून दुखवलं नव्हतं, जंतूंनासुद्धा नाही. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

छकुली हसेल अशी तिची खात्री होती. पण छकुली शेजारचं स्टूल ओढून बसली. तिच्या बोटांवर जांभळे डाग होते आणि अंगाला तोच माशासारखा वास येत होता.

"ती चार धष्टपुष्ट आम्लं," छकुली म्हणाली. "तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं, वहिनी कामाचा कंटाळा करतेय. मी साहेबांनाही तसं म्हटलं होतं एकदा."

"म्हटलंस तू?"

"हो. आता साधी साधी जोडताना माझ्या तोंडाला फेस आला. चुकलंच माझं." तिने बोटावरचा जांभळा डाग खरवडला. "आणि दुसरं म्हणजे, माझ्या हिशेबात टाक्याचा तेलकटपणा धरलेलाच नाही. प्रत्येक आम्लापुढे आकडा आहे. टाक्यापुढचा रकाना रिकामा. संगणक रिकाम्याला शून्य धरतो. मी तेलकट अंगावर टाका घालत होते, आणि संगणक म्हणत होता की तेल वाढलेलंच नाही."

 वहिनीला हसू फुटलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं, त्यात इतक्या महिन्यांचा सगळा वैताग होता. "एक रकाना! एका रकान्यापायी माझे केस गेले!"

"केस आहेत अजून."

"तू आरसा दाखवू नकोस मला."

त्यानंतर दोघींनी वहिनीच्याच टेबलावर कागद पसरला. छकुलीने वेटोळं टोकाकडून बघावं तसं वर्तुळ काढलं आणि भोवती एकेक आम्ल मांडलं: अर्ध्या बाजूला तेलकट, अर्ध्या बाजूला पाण्याकडची. कुठला टाका किती तेल वाढवतो, ते वहिनीने नळीतल्या उशिरांवरून काढून दिलं. पुष्कळ वादावादी झाली. वहिनीने दोनदा पेन फेकलं. शेवटी ठरलं ते असं: टाका दोन्ही अंगांच्या शिवेवर घालायचा, आणि टाक्यामुळे जेवढं तेल वाढतं तेवढं दुसरीकडून काढायचं. तेलकट अंगातलं एक आम्ल काढून तिथे पाण्याकडचं बसवायचं.

छकुलीने हिशेब केला. "अडुसष्ट."

"काय अडुसष्ट?"

"वेटोळेपणा. अडुसष्टच येतोय. साहेब मला खाऊन टाकतील." तिने वर बघितलं. "तू येशील माझ्याबरोबर?"

साहेबांनी कागद हातात घेतला आणि लांब धरला, मग जवळ धरला, जणू अंतर बदललं तर आकडा वाढेल.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "आपण चौऱ्याण्णववर होतो."

"चौऱ्याण्णवने रक्तपेशी मारल्या," छकुली म्हणाली.

"ते बघता येईल. पण चौऱ्याण्णववरून अडुसष्ट म्हणजे आपण मागे गेलो. वर काय सांगू मी? आम्ही काम केलं आणि आकडा उतरला?"

"सर," छकुली म्हणाली, "वेटोळं किती घट्ट आहे यावर जखम बरी होत नाही. विकरांच्या तावडीत टिकण्यापुरतं घट्ट असलं की झालं. बाकीचं वेटोळं जंतूजवळ गेल्यावर आपोआप धरतं."

"आपोआप! आपोआप होणार असेल तर मग आपण कशाला आहोत?"

वहिनीला वाटलं, आता आपण काहीतरी उचलून आपटणार. टेबलावर फक्त साहेबांच्या नातवाचा फोटो होता. तिने हात मागे बांधले आणि शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, "साहेब, नव्वदच का?"

"काय?"

"नव्वद हा आकडा कुठून आला?"

साहेबांनी खुर्चीत कूस बदलली. "वरच्या बैठकीत मी पंचाहत्तर म्हणणार होतो. पण माझ्या आधी बोलले ते गृहस्थ पंच्याऐंशी म्हणाले."

"कशाचे पंच्याऐंशी?"

"त्यांचं वेगळंच औषध होतं. पण ऐकणाऱ्यांना काय!"

 साहेब थोडे ओशाळले असावेत. पण ते साहेब होते, त्यामुळे निम्मंच ओशाळले.

"बरं, बनवा हे," ते म्हणाले. "पण नव्वदचंही काम बंद पडता कामा नये. दोन्ही चालू द्या. समांतर."

व्हरांड्यात आल्यावर वहिनी म्हणाली, "समांतर म्हणजे मी दोनदा बनवायचं."

"एक मी बनवीन," छकुली म्हणाली.

"नको!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की पहारेकऱ्याने मान वर केली. "तू वरच बस. तो रकाना भर आधी."

शिवेवरचा टाका वहिनीने बनवला. तोही काही मुकाट्याने झाला नाही. जोडणीचं एक उत्प्रेरक कुणीतरी उघडं ठेवल्यामुळे वाया गेलं होतं आणि नवं येईपर्यंत तिने सगळ्या प्रयोगशाळेला धारेवर धरलं. पण भुकटी आली, स्वच्छ आली. यंत्राने वेटोळेपणा एकाहत्तर दाखवला.

जंतूवाल्याने दोघींना बोलावून घेतलं. नळीच्या तळाशी लाल ठिपका होता. शेजारच्या काचेच्या बशीत, जिथे जंतूंची साय धरायला हवी होती, तिथे काही नव्हतं. पुवातल्या विकरांत ठेवलेला तिसरा नमुना दुसऱ्या दिवशीही जवळजवळ अख्खा निघाला होता.

"पेशी जिवंत," जंतूवाला म्हणाला. "जंतू मेले. माल टिकला." आणि मग, बहुधा त्या वर्षातलं त्याचं सगळ्यांत लांब वाक्य: "मला खात्री नव्हती म्हणून मी हे पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं, आणि पुन्हा तसंच आलं."

छकुलीने वहिनीला मिठी मारली. वहिनीने तिला थोपटलं आणि लगेच बाजूला केलं, कारण हातमोजे घाण होते.

आनंद आठवडाभरसुद्धा टिकला नाही. मलम बनवणाऱ्या विभागातून निरोप आला: तुमचं औषध बिघडलंय, येऊन बघा. दोघी धावत गेल्या. मलमवाल्या बाईंनी शीतकपाटातली बाटली काढून उलटी धरली. आतलं काही खाली पडेना. रात्रीतून त्याची खळ झाली होती.

"गारठ्यात ही वेटोळी एकमेकांना चिकटतात," छकुली पुटपुटली. "शिवेवर टाका असला की एकाचा टाका दुसऱ्याच्या..."

"मला सांगू नकोस का चिकटतात ते!" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला फक्त एवढं सांग, आपण या पेप्टाइडचं काय घोडं मारलंय? पाण्यात टाकलं तर लोळतं. शिवलं तर माणूस मारतं. दुसऱ्या अंगाने शिवलं तर जंतू पाळतं. आणि सगळं जमलं तर गोठतं!"

मलमवाल्या बाई बिचाऱ्या बाटली उलटी धरूनच उभ्या होत्या.

वहिनी परत खाली आली, खुर्चीत बसून थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग उठली आणि तिला येत होतं ते करायला लागली. भुकटी कुठल्या साध्या आम्लाचा क्षार आहे यावर तिचं पाण्यातलं वागणं ठरतं, म्हणून तिने तो क्षार बदलला. पहिला बदल उपयोगी पडला नाही. दुसऱ्याने तर आणखी लवकर खळ झाली. तिसऱ्या क्षाराची बाटली तिने स्वतः शीतकपाटात ठेवली आणि रोज सकाळी कोट घालायच्या आधी जाऊन उलटी करून बघू लागली. पाणी सळसळत झाकणाकडे यायचं. ती बाटली सरळ करून ठेवायची आणि कुणालाच काही सांगायची नाही. मलमवाल्या बाईंनीच शेवटी सगळ्यांना सांगितलं.

उंदरांच्या जखमांवरची चाचणी दुसऱ्या संस्थेत झाली. तिथून फोटो आले. नुसतं मलम लावलेल्या जखमा पिवळ्या पडून चिघळल्या होत्या. औषधाच्या जखमांना गुलाबी कडा धरली होती आणि त्या मिटत चालल्या होत्या. एका उंदरावर औषधाचा परिणाम झाला नव्हता, का ते कळलं नाही. माणसांवरच्या चाचण्या अजून लांब होत्या. साहेबांनी वरच्या बैठकीत एकाहत्तरचा आलेख दाखवला तेव्हा त्याची उभी रेघ साठपासून सुरू केली होती, त्यामुळे खांब चांगला उंच दिसला आणि कुणी काही विचारलं नाही. नव्वदचं समांतर काम मात्र त्यांनी बंद केलं नाही.

फोटो आले त्या दुपारी वहिनी उपाहारगृहात एकटी चहा घेत होती. खूप दिवसांनी तिला कुठे पळायचं नव्हतं. छकुली समोर येऊन बसली आणि तिने टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला.

"नाही," वहिनी म्हणाली.

"बघ तरी. तो एक उंदीर डोक्यात बसलाय माझ्या. टाका तोच, फक्त एक जागा शेपटीकडे."

"नाही म्हटलं ना. चहा पिऊ दे मला."

"पी ना. मी बसते."

छकुली बसली. वहिनीने चहा संपवला, कप बशीत ठेवला, आणि मग कागद उलगडून बारकाईने बघितला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे तिसरं इथे बसणार नाही," ती म्हणाली. "याचा शेजारी बघ केवढा आहे. हे काढ, याच्या जागी लहान घाल."

"लहान घातलं तर चौसष्टवर येतं."

"येऊ दे. साहेबांना पन्नासपासून रेघ काढायला सांग."

छकुलीने पेन काढलं. वहिनी उठली, खुर्ची आत सारली आणि ते लहान आम्ल कोठीत शिल्लक आहे का, हे बघायला गेली.